भिंतीवरची तसबीर आणि मंडळीचे रजिस्टर

महाराष्ट्रात जात प्रमाणपत्राची वैधता मिळवताना पडताळणी समितीचे समाधान झाले नाही, तर दक्षता पथकाचा अधिकारी अर्जदाराच्या घरी येतो. तो शाळेचे जुने दाखले पाहतो, आजोबा-पणजोबांच्या नोंदी विचारतो, चालीरीती आणि दैवतांची चौकशी करतो आणि हे सारे लिहून घेताना त्याची नजर भिंतीवरूनही फिरते. विदर्भातील एका अल्पवयीन मुलीच्या घरी अशाच भेटीत येशू ख्रिस्ताची तसबीर आढळली. मुलीचा दावा महार असल्याचा होता आणि तिचे कुटुंब बौद्ध परंपरेचे होते. तरीही या घराण्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला असल्याचे पथकाने नोंदवले आणि समितीने तिचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला. ही तसबीर कोणीतरी भेट दिली होती, असे कुटुंबाचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा निर्णय रद्द केला. घरात येशूची तसबीर आहे एवढ्यावरून माणसाने धर्म बदलला असे कोणताही शहाणा माणूस मानणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत सांगितले.

या निकालाबद्दल मतभेदाचे कारण नाही. तरीही तो वाचून मला पूर्ण समाधान वाटले नाही, कारण त्याचा एक महत्त्वाचा आधार असा होता की, मुलीचा, तिच्या वडिलांचा किंवा आजोबांचा बाप्तिस्मा झाल्याचा कोणताही पुरावा नव्हता. म्हणजे माणूस कोणत्या धर्माचा हे ठरवण्याचे काम भिंतीकडून काढून बाप्तिस्म्याच्या रजिस्टरकडे सोपवले गेले. रजिस्टर हा तसबिरीपेक्षा निश्चितच भक्कम पुरावा आहे. पण ज्यांनी चर्चमध्ये थोडाबहुत काळ घालवला आहे, त्यांना ठाऊक असते की रजिस्टरातली नावे आणि रविवारी बाकांवर बसणारी माणसे यांचा मेळ क्वचितच बसतो.

१८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरात सुरू झाले. तिथून वाढलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायांत, सभासदत्वाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी बाप्तिस्मा, मग समज आल्यावर आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याचा विधी म्हणजे दृढीकरण, त्यानंतर प्रभुभोजनातल्या भाकरीत आणि द्राक्षारसात सहभाग, आणि या साऱ्याची नोंद. कॅथलिक चर्चमध्ये स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, नोंद त्याहून काटेकोर असते. लग्न ठरले की मूळ धर्मग्रामातून (पॅरिशमधून) तो दाखला मागवावा लागतो. मात्र या पायऱ्यांच्या बाहेर एक मोठा वर्ग नेहमी उभा असतो. कोणी बायकोसोबत उपासनेला येतो, गीते पाठ म्हणतो, उपकारस्तुतीच्या सणाला शेतातला पहिला माल आणून ठेवतो, पण भाकर आणि द्राक्षारस वाटला जाऊ लागला की मान खाली घालून जागेवरच बसून राहतो. कोणी आजारपणात पाळकांना प्रार्थनेला बोलावतो आणि बरा झाल्यावर गावच्या जत्रेत नवसही फेडतो. याउलट, ज्यांची नावे तीन पिढ्या रजिस्टरात आहेत अशी काही कुटुंबे नाताळ आणि लग्नाखेरीज चर्चची पायरी चढत नाहीत. यांपैकी ख्रिस्ती कोण, असे मंडळीतल्या एखाद्या जुन्या बाईला विचारले तर ती प्रत्येकाबद्दल वेगळे आणि बहुधा अचूक उत्तर देईल, पण ते उत्तर कोणत्याही अर्जाच्या रकान्यात मावणार नाही.

मुंबईत तर हे उघड्यावर दिसते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोवेनाला, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, येणाऱ्या गर्दीत कॅथलिक नसलेले लोक मोठ्या संख्येने असतात. ८ सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि घरे वाहणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे दिसतात. गोव्यात म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानली जाते आणि हिंदू भाविक तिच्या फेस्ताला (सणाला) बहिणीच्या घरी जावे तसे जातात. माहीमला नऊ बुधवार केलेला दादरचा माणूस दुसऱ्या दिवशी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभा राहतो, आणि आपण काही विसंगत केले असे त्याला वाटत नाही. त्याने येशूची एक छोटी तसबीर घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली, तर तो हिंदू राहिला नाही असे शेजारीही म्हणत नाहीत. मग हीच तसबीर एखाद्या महाराच्या, मांगाच्या किंवा चांभाराच्या भिंतीवर दिसली की तिचा अर्थ का बदलतो?

याचे उत्तर श्रद्धेत शोधून सापडणार नाही, कारण ते १९५० च्या एका आदेशात आहे. राष्ट्रपतींनी काढलेल्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात सुरुवातीला अट होती की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली आणि १९९० मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना अशी अट कधीच नव्हती. त्यामुळे पालघर जिल्ह्यातला वारली ख्रिस्ती झाला तरी कायद्याच्या दृष्टीने तो वारलीच राहतो आणि त्याच्या भिंतीवर काय टांगले आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नसते. दलिताच्या बाबतीत मात्र धर्म हाच पात्रतेचा निकष असल्यामुळे कोणीतरी त्याचा धर्म तपासणे अपरिहार्य होते, आणि धर्म तपासायचा म्हणजे शेवटी घरात डोकवावेच लागते. दक्षता पथकातला तो अधिकारी दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. अशक्य काम अंगावर आलेल्या माणसाने हाताला लागेल तो पुरावा उचलला, इतकेच.

न्यायालयांनी हे अशक्य काम निरनिराळ्या पद्धतींनी हाताळले आहे आणि त्यातला सर्वांत विचारी निकाल आपल्या भंडाऱ्याचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून राखीव जागेसाठी ठवरे या महार उमेदवाराने अर्ज भरला. ते महानुभाव पंथात गेलेले असल्यामुळे आता महार राहिले नाहीत, असे ठरवून त्यांचा अर्ज नाकारण्यात आला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. जात सुटली की नाही हे ठरवण्यासाठी न्यायालयाने तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : जुन्या समाजाची प्रतिक्रिया काय आहे, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू काय आहे, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. महानुभाव जातिभेद मानत नाहीत, हे न्यायालयाला मान्य होते. तरीही ठवऱ्यांनी स्वतःला महारच मानले होते, समाजानेही त्यांना दूर लोटले नव्हते, त्यांची सोयरीक समाजातच होती. मग पंथाच्या तत्त्वज्ञानाने काय फरक पडतो, असा तो विचार होता.

तो खटला धर्म बदलल्याचा नव्हता, जातीपुरताच होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण धर्म आणि जात या दोन निराळ्या वस्तू आहेत आणि एक बदलली तरी दुसरी आपोआप गळून पडत नाही, हे त्यातले मूळ सूत्र आहे. या कसोटीतही एक काटा आहेच. जुना समाज काय म्हणतो यावर माणसाची ओळख अवलंबून ठेवणे म्हणजे जातपंचायतीला पुन्हा खुर्ची देणे, असे कोणी म्हटले तर मला त्याचा प्रतिवाद करणे अवघड जाईल. तरीसुद्धा ती कसोटी माणसाच्या जगण्याकडे पाहते, एका वस्तूकडे किंवा एका दिवसाच्या विधीकडे पाहत नाही, म्हणून ती मला अधिक न्याय्य वाटते.

मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच दिशेने पाऊल टाकले होते. तिथे एका हिंदू दलित डॉक्टर महिलेने ख्रिस्ती पुरुषाशी लग्न केले होते. अधिकारी तिच्या दवाखान्यात गेले, तेव्हा त्यांना भिंतीवर क्रूस दिसला आणि तिचे जातीचे प्रमाणपत्र रद्द झाले. पतीसोबत आणि मुलांसोबत चर्चमध्ये जाणे म्हणजे मूळ श्रद्धा सोडणे नव्हे, असे सांगून न्यायालयाने ते प्रमाणपत्र तिला परत दिले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले पुदुच्चेरीचे प्रकरण मात्र वेगळ्या बाजूने संपले. तिथल्या अर्जदार महिलेचा लहानपणी बाप्तिस्मा झालेला होता, आईवडिलांचे लग्न ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदवलेले होते, ती नियमित चर्चमध्ये जात होती आणि तरी आपण हिंदू आहोत असे सांगून ती नोकरीसाठी अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मागत होती. न्यायालयाने ते नाकारले. मनापासूनच्या श्रद्धेवाचून केवळ आरक्षणाच्या लाभासाठी धर्म सांगणे ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक आहे, असे मत त्याने नोंदवले.

कायदा आज जसा आहे तसा मानला, तर हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. त्यामागची चिंताही खोटी नाही. राखीव जागा मोजक्या असतात आणि ज्याला त्या लागू नाहीत अशाने त्या घेतल्या तर कोणा खऱ्या हक्कदाराची जागा जाते. ‘तुम्ही चर्चमध्येही जाणार आणि हिंदू म्हणून सवलतही घेणार, दोन्ही कसे चालेल?’ हा प्रश्न रस्त्यावरचा माणूसही विचारतो आणि तो रास्त वाटतो. पण फसवणूक हा शब्द वापरण्यापूर्वी महाराष्ट्राने स्वतःचा अलीकडचा इतिहास एकदा आठवून पाहावा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना मी देव मानणार नाही, अशा प्रतिज्ञेने त्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवात होते. इतका स्पष्ट धर्मत्याग आधुनिक भारतात क्वचितच कोणी केला असेल. पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. राज्यस्थापनेनंतर महाराष्ट्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती नवबौद्धांना दिल्या, तरी केंद्राची नोकरी किंवा लोकसभेची राखीव जागा यांच्या दारावर ‘हिंदू’ हाच शब्द लागत होता. त्या चौतीस वर्षांत कितीतरी घरांत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते आणि शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ होते. वंदनेला विहारात जाणारा बाप मुलाच्या अर्जावर हिंदू लिहीत होता. आज त्या बापाला राज्यघटनेशी फसवणूक करणारा म्हणण्याचे धाडस महाराष्ट्रात कोणी करणार नाही आणि करूही नये. आदेशाने त्याच्यासमोर दोन खोट्या पर्यायांपैकी एक निवडण्याची पाळी आणली होती, हे आपण समजून घेतले. धर्म बदलल्याने त्याची वस्ती बदलली नव्हती, मजुरी बदलली नव्हती, गावच्या विहिरीवरची वागणूक बदलली नव्हती. १९९० ची दुरुस्ती झाली ती हेच मान्य करून झाली. मग नेवाशाच्या किंवा जालन्याच्या ख्रिस्ती मांगाबद्दल वेगळा न्याय कोणत्या तर्काने लावायचा?

तर्क असा दिला जातो की, ख्रिस्ती धर्मात जात नाही, त्यामुळे तिथे गेलेल्याला जातीचे दुःखही उरत नाही. जात बौद्ध धम्मातही नाही आणि शीख पंथातही नाही, हे तूर्त बाजूला ठेवू. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासच्या एका ख्रिस्ती झालेल्या चर्मकार कारागिराचे प्रकरण आले होते. रस्त्याच्या कडेला बसून काम करणाऱ्या कारागिरांना सरकारने टपऱ्या वाटल्या. त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. त्याच रस्त्यावर तेच चामडे शिवणाऱ्या शेजारच्याला ती मिळाली. धर्मांतरानंतरही जात टिकू शकते हे न्यायालयाने नाकारले नाही. पण ख्रिस्ती समाजात ते दुःख तितक्याच तीव्रतेने शिल्लक राहते, याचा पुरेसा पुरावा समोर नाही म्हणून त्याने दाद दिली नाही. पुरावा गोळा करण्याचे काम पुढे आयोगांकडे गेले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर आणखी एक आयोग नेमला गेला. दरम्यान महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची सोय इतर मागासवर्गात करून ठेवलेली आहे. तिथे त्यांना काही सवलती मिळतात. अनुसूचित जातींसाठीची राखीव विधानसभेची जागा मात्र मिळत नाही, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही मिळत नाही. मारणारा जात विचारून मारतो आणि फिर्याद घेणारा धर्म विचारून कलम लावतो, असा हा प्रकार आहे.

इथे चर्चलाही आरशात पाहणे भाग आहे, आणि हे मी आतला माणूस म्हणून लिहितो. कित्येक वर्षे आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो की, ख्रिस्तात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. आणि मुलीचे स्थळ पाहताना पलीकडच्या मंडळीतले लोक पूर्वाश्रमीचे कोण, हे हळूच विचारत आलो. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा दलितांसाठी वेगळी बाजू राखलेली आहे. गोव्यातल्या कित्येक चर्चमध्ये कोणत्या कोंफ्रारीने (चर्चमधल्या बंधुमंडळाने) कोणत्या रंगाचा झगा घालायचा, यावरून जातीचे मानपान दीर्घकाळ चालले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे त्यात उघडपणे कबूल केले. ती कबुली उशिराची होती, पण तिच्यावाचून दिल्लीत जाऊन अनुसूचित जातीचा दर्जा मागणे हा दुटप्पीपणाच ठरला असता. आमच्यातही जात आहे हे सांगायला लाज वाटते, म्हणून काही पाळक आजही या मागणीपासून चार हात दूर राहतात. त्यांची लाज मला समजते. तिची किंमत मात्र त्यांच्या मंडळीतली सर्वांत गरीब माणसे मोजतात.

सभासदत्वाच्या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती माणसांनी विचारच केला नव्हता, असे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतमध्ये का नकोत, असा वाद त्यांनी आपल्या धर्मभगिनींशी घातला. कोणत्या पंथाची चौकट मानायची हे त्या स्वतः ठरवत राहिल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, मंडळीला अभंग आणि कीर्तन दिले, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे मघाशी म्हटले ती मान खाली घालून बसणारी माणसे टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी पाहिली होती आणि त्यांना बाहेरचे मानायला नकार दिला होता. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो दरबार त्यांच्या मागे मूळ धरू शकला नाही.

कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, चर्चला बाप्तिस्म्याची अट सोडता येणार नाही आणि सोडावी असे माझे म्हणणेही नाही. कोणत्याही संस्थेला आपला सभासद कोण हे ठरवण्याचा अधिकार असतो. पण तो अधिकार प्रभुभोजनापुरता, लग्नापुरता, दफनभूमीपुरता आहे. तेच रजिस्टर सरकारी कचेरीत जाऊन माणसाच्या जातीबद्दल साक्ष देऊ लागते, तेव्हा ते ज्या कामासाठी लिहिले गेले त्याच्या बाहेर जाते. एखाद्या तरुणाला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, पण धाकट्या भावाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर होईपर्यंत तो थांबला आहे, अशी परिस्थिती पाळकांना नवीन नाही. त्या तरुणाला संधिसाधू म्हणणे सोपे आहे. आपल्या एका विधीने घरातल्या दुसऱ्याच्या दाखल्यावर प्रश्नचिन्ह लागू नये एवढेच तो पाहत असतो, आणि नागपूरच्या प्रकरणात आजोबा आणि वडील यांचा धर्म नातीच्या अर्जात कसा तपासला गेला हे वाचल्यावर त्याची भीती निराधार म्हणता येत नाही.

म्हणून १९५० च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदातली धर्माची अट जावी, या मताशी मी आलो आहे. जात हा निकष ठेवा आणि तो कडकपणे तपासा. पूर्वजांच्या नोंदी पाहा, वस्ती पाहा, व्यवसाय पाहा, सोयरीक पाहा. संसद ती अट काढून टाकेपर्यंत निदान पडताळणी समित्यांनी १९५४ च्या भंडाऱ्याच्या निकालातली सूत्रे दक्षता पथकाच्या हाती द्यावीत. अर्जदार स्वतःला काय म्हणवतो, त्याचा समाज त्याला काय मानतो, लग्नाच्या पंगतीत तो कोणाबरोबर बसतो, हे विचारायला पथकाला दोन तास जास्त लागतील, आणि अहवालात घरातल्या तसबिरींची यादी करण्याची गरज पडणार नाही.